सगुणेला कोण बघेल

मुस्काननं लाल कापडाची गाठ सोडली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि उघडायच्या आधी दाराकडे एकदा बघून घेतलं. दारात परतूरहून दर्शनाला आलेल्या दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी आधी चटईवर निजलेल्या बसंतीबाईंना हात जोडले, मग मुस्कानच्या मांडीवरच्या पुस्तकाला. एक तर वाकून पुढे आली, पुस्तकाला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मुस्काननं पदर आणखी पुढे ओढला. त्या पानावर सगुणेचा दीर दारू पिऊन तिच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन आला होता.

बायका बाहेरच्या खोलीत स्तवनं म्हणायला गेल्या, तशी ती वाचू लागली. आवाज असा ठेवायचा, की दादीसांना शब्द कळावेत आणि बाहेरच्यांना नुसतं पठण चाललंय असं वाटावं. एवढ्या दिवसांत हे तिला चांगलंच साधलं होतं. दहा-बारा ओळी झाल्या आणि तिनं बोट घालून पुस्तक मिटलं.

"बस?" बसंतीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"आज एवढंच, दादीसा. थकवा येईल तुम्हाला."

"मला काय थकवा? पडून तर हाय. कुऱ्हाडीचं काय झालं ते तर सांग."

"उद्या."

"उद्या, उद्या! तवर तिला तशीच उभी ठेवती का तू?"

मुस्काननं पुस्तक कापडात गुंडाळलं. कापडाची गाठ बांधताना तिनं उरलेली पानं अंगठ्यानं दाबून बघितली. थोडीच राहिली होती. थकव्याचं निमित्त होतं. खरी गोष्ट अशी, की पुस्तक संपेपर्यंत दादीसा कुठं जात नाहीत, असं तिनं मनाशी धरलं होतं. बी.ए. झालेल्या बाईनं असला विचार करावा याची तिला स्वतःलाच लाज वाटायची. पण बुडणाऱ्याला काडी दिसली, तर तो काय ती कसल्या झाडाची आहे ते बघत बसतो?

आष्टीच्या मेन रोडवर खाली कापडाचं दुकान आणि वर घर, असं या मारवाडी जैन लोकांचं बस्तान तीन पिढ्यांपासून. घराच्या मोठ्या बसंतीबाई. पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. जालन्याच्या डॉक्टरनं मशीनवर रक्त धुऊन घ्यायला सांगितलं, आठवड्यातून दोनदा, जन्मभर. "जन्म तर झाला की माझा," त्या म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या. घरी आल्यावर त्यांनी मुलाला, मदनलालला, समोर बसवलं आणि संथारा मागितला. अन्न सोडायचं, मोह सोडायचा आणि समाधानानं देह ठेवायचा. मदनलालनं हातापाया पडून बघितलं, रुसून बघितलं, दोन दिवस दुकान बंद ठेवून बघितलं. आईला तो बाई म्हणे; बाईपुढं त्याचं बासष्ट वर्षांत कधी चाललं नव्हतं, तेव्हाही चाललं नाही. गावात मुक्कामाला असलेल्या साध्वी महासतीजींनी चार-चारदा विचारून खात्री केली आणि मगच व्रत दिलं. जेवण बंद. दिवसा उकळलेलं पाणी, तेही मागितलं तरच, चमच्यानं.

त्या दिवशी बसंतीबाईंनी सगळ्यांची माफी मागितली. मुलाची, सुनेची, नातवांची, दुकानातल्या माणसांची, दूधवाल्याची. समोरच्या कडूबा पाटलाची बायको उषाबाई, जिच्याशी एका दुष्काळात टँकरच्या रांगेत झिंज्या धरण्यापर्यंत गेल्या होत्या आणि पुढं तीस वर्षं जिच्यावाचून चहा गोड लागला नाही, तिचीही मागितली. उषाबाई म्हणाली, "माफी कशाची वं? पहिला हात मीच टाकल्ता." मग एकेक सोडणं झालं. किल्ल्या सोडल्या, दागिने सोडले, पलंग सोडून चटईवर आल्या, मुलगा-नातू म्हणून जो काही जीव लागला होता तो सोडला. महासतीजींनी विचारलं, आणखी काही राहिलं का बाई? बसंतीबाई म्हणाल्या, काही नाही. हे म्हणताना त्यांनी मुस्कानकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. दुपारी सगळे जेवायला बसल्यावर त्यांनी नातसुनेला हळूच विचारलं, "बिनणी, ते पुस्तक कुठं ठेवलं?"

पुस्तक म्हणजे आठशे पानांची कादंबरी, आता पोथीसारखी लाल कापडात बांधलेली. गोदाकाठच्या एका रंगारी घराण्याच्या चार पिढ्या, मोठ्या दुष्काळापासून निजामाचं राज्य बुडेपर्यंत. पहिल्या पन्नास पानांतच सात माणसं जातात. पटकी, पूर, रझाकार, भाऊबंदकी, कशाचीही कमी नाही. लेखकानं माणसं मारताना हात आखडला नव्हता. त्या सगळ्या मढ्यांमधून एकच बाई उभी राहते, सगुणा, घराण्याची सून. आणि बसंतीबाईंचा जीव तिच्यात.

वाचन सुरू झालं ते मुस्कानसाठी. दोन वर्षांपूर्वी तिला सातव्या महिन्यात मुलगी झाली. जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ती अडीच दिवस राहिली आणि गेली; मुस्कान तेव्हा शुद्धीवर नव्हती. घरी आल्यावर तिनं बोलणं टाकलं. केस विंचरायची नाही, भिंतीकडं तोंड करून पडायची. सगळ्यांनी समजावून झालं. बसंतीबाईंनी समजावलं नाही. त्यांनी तिच्या माहेराहून, वाटूरहून आलेल्या ट्रंकेतून सगळ्यांत जाड पुस्तक काढलं आणि तिच्या अंगावर टाकलं. "वाचून दाखव. मला दिसत न्हाई." सुईत स्वतः दोरा ओवणारी बाई ती! मुस्कानला राग आला, आणि रागारागातच तिनं पहिलं पान वाचलं.

मग ती दुपारची सवयच पडली. घरात बोलणं मारवाडीत, पण पुस्तकाचं बोलणं मराठीत. सगुणेच्या सासूला मारवाडीत शिव्या देऊन बसंतीबाईंचं समाधान होत नसे. "काय भवानी हाय वं ही! हिच्या ताटात माती पडो," असं म्हणून त्या मुस्कानला पुढं वाचायला लावायच्या. पटकीत सगुणेची दोन लेकरं एका दिवशी जातात, ते प्रकरण मुस्कानला वाचवेना. तेव्हा बसंतीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पुस्तक स्वतः हातात धरून अक्षर लावत लावत तेवढी पानं पुरी केली. त्या दुपारी मुस्कान पहिल्यांदा आपल्या मुलीसाठी रडली. तेव्हापासून ती या बाईला बिलगून होती, आणि आता हीच बाई निघाली होती.

कुऱ्हाडीचा वार चुकला. सगुणा वाचली. मुस्काननं तेवढं दोन दिवसांत पुरवून पुरवून वाचलं.

पण शरीर काही पानं मोजून थांबत नाही. बसंतीबाईंच्या पायांवर सूज चढली, तोंडाला कडवट वास यायला लागला, पाठीला जखमा झाल्या. कूस बदलायला दोघीजणी लागायच्या, आणि बदलताना त्या दात खाऊन कण्हायच्या. श्वास घेतला की पुढचा येतो का नाही असं व्हायचं. सगळे उठून जवळ यायचे, आणि तो यायचा. असं एकदा नाही, रोज चाललं.

"जीव अडकलाय," उषाबाई दारात बसून म्हणाली. "कशात तरी अडकलाय बघा. असं हाल होत नसतेत उगं."

झालं. जो तो समजला, जीव माझ्यातच अडकलाय. बीडहून लेक आली होती, कांताबाई. ती उशाशी बसली आणि गळा काढून म्हणाली, "बाई, मी आले वं, माझी काळजी करू नको." बसंतीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि श्वास चालूच राहिला. धाकटा नातू अक्षत पुण्यात, त्याला फोनवर दाखवलं. तो तिकडून इतका रडला, की इकडं बसंतीबाईच त्याला "जेव वेळेवर" म्हणाल्या. सोडलेल्या किल्ल्यांचा जुडगा सुनेनं परत आणून तळहातावर ठेवून बघितला. तो त्यांनी चटईवर घरंगळू दिला. मदनलालनं छातीवर हात ठेवून शपथ घेतली, की आजपासून तंबाखू बंद. डबी त्यानं गच्चीवरून भिरकावली, ती कडूबा पाटलाच्या अंगणात पडली आणि कडूबानं ती खिशात घातली. जीव होता तिथंच होता.

त्या संध्याकाळी मदनलाल जिन्याच्या पायरीवर बसला होता. मुस्कान पाण्याची कळशी घेऊन वर निघाली, तशी त्यानं बाजूला सरकून वाट दिली आणि मान खाली घालूनच तिला म्हणाला, "बेटा, तू बाईपाशी बसून दिवसभर धरम वाचून राह्यली. तुझंच पुण्य म्हनून एवढा तरी धीर हाय तिला. आता देवाला म्हन, सोडव तिला. मला बघवत न्हाई."

मुस्कान कळशी घेऊन वर गेली. धरम! माणूस चटईवर सडत होतं आणि ही आपली रोज दहा ओळींची लाच देऊन त्याला बांधून ठेवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा तिनं लाल कापड सोडलं, दार लोटून घेतलं आणि राहिलेली सगळी पानं एका बैठकीत वाचायला घेतली.

घसा बसला तरी ती थांबली नाही. सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं. सगुणेचा एकच उरलेला मुलगा विठू, जो लढ्यासाठी घरातून पळून गेला होता, तो परतला नाही. नदीला पूर येऊन गाव उठलं, माणसं वरच्या माळावर राहायला गेली. सगुणा गेली नाही. म्हणाली, विठू आला तर त्याला घर सापडायला हवं. शेवटची ओळ अशी होती: 'अंगण झाडून झाल्यावर सगुणा उंबऱ्यावर बसली आणि नदीकडून येणाऱ्या वाटेकडे बघत राहिली.'

मुस्काननं पुस्तक मिटलं. तिला वाटलं होतं, आता बसंतीबाई एक मोठा श्वास सोडतील.

"मंग?" बसंतीबाई म्हणाल्या.

"संपलं, दादीसा."

"संपलं म्हंजी? पोरगा आला का?"

"ते दिलेलं नाही."

"दिलेलं न्हाई!" त्यांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत राग दिसला. "आन् ती? ती तशीच बसून ऱ्हायली?"

"हो."

"एकटी? समद्या गावात?"

"हो, दादीसा."

अशा शेवटाला काय म्हणतात, हे मुस्कानला कॉलेजात शिकवलं होतं. लेखकानं शेवट वाचकावर सोडला आहे, असं पेपरात लिहून तिनं मार्क मिळवले होते. वाचकावर सोडलेला शेवट आता तिच्यासमोर चटईवर तळमळत होता.

त्यानंतर हाल वाढले. पाण्याचा चमचा ओठाशी नेला, की बसंतीबाई विचारायच्या, "ती जेवली का?" कांताबाईला वाटायचं, आपलीच चौकशी आहे. ती म्हणायची, "जेवले हो बाई, पोटभर जेवले," आणि डोळे पुसायची. पहाटे झापड आली की त्या दचकून हात वर करायच्या. "पानी चढलं असंल तिकडं. तिला म्हना, वर जा." घरचे म्हणाले, वात झाला. घरात एकट्या मुस्कानला माहीत होतं, की वात नाही आणि काही नाही. एकेका गोष्टीतून मन काढत काढत ही बाई पार दाराशी आली होती, आणि दारात आपण तिच्या पदराला एक बाई बांधून ठेवली.

दुपारी खोलीत दोघीच असताना तिनं समजावून बघितलं.

"दादीसा, सगुणा पुस्तकातली आहे. खरी नाही ती."

"मला कळत न्हाई का?" बसंतीबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द साफ होते. "भ्रम न्हाई झालेला मला. पुस्तकातलीच हाय. म्हनून तर."

"म्हणून काय?"

"मदनला त्याची बायको बघंल. कांताला तिची पोरं बघतेल. तुला श्रेणिक हाय. पुस्तकातल्या मानसाला कोन बघतं? वाचनारं मिटवून उठून जातं." त्या थांबल्या. पुढचा श्वास यायला वेळ लागला. "दोन वर्षं आपन तिच्या घरात राह्यलो. आता तिला उंबऱ्यावर सोडून मी कशी निघू, बिनणी?"

मुस्कान उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पाहुण्यांसाठी दोडक्यांची पाटी भरून आली होती. सासूबाई कांताबाईच्या हाताखालच्या पोरीला सांगत होत्या, "कापलं म्हनायचं न्हाई आमच्यात. भाजी सुधारली म्हनायचं." या घरात भाजीच्या बाबतीतही तोंडातून कापण्याचा शब्द काढत नाहीत. मनानं मारलं तरी मारलंच, मुंगी काय आणि माणूस काय, हे मुस्कानला पाळण्यातल्या वयापासून शिकवलेलं. ती पाटीजवळ बसली, विळी पुढं ओढली आणि एक दोडका हातात धरून तशीच बसून राहिली.

तिचा नवरा श्रेणिक पाणी प्यायला आत आला. ती त्याच्या मागोमाग गॅलरीत गेली.

"सगुणेला मारावं लागंल," ती म्हणाली.

"कोन सगुणा?"

तिनं सांगितलं. लाल कापडाचंही सांगितलं. तो आधी हसणार होता, मग तिचं तोंड बघून थांबला. खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि रस्त्यावरून सोयाबीनचं ट्रॅक्टर चाललं होतं. ते गेल्यावर श्रेणिक तिच्याकडं वळला.

"म्हंजी पुस्तकात नसलेलं वाचनार तू. खोटं. संथाऱ्यातल्या मानसापुढं."

"हो."

"पाप लागंल."

"लागू दे. मला लागंल, तिला तर न्हाई."

"आन् ते जमलं, तर दादी जाईल." श्रेणिकचा आवाज फुटला. "आजच जाईल कदाचित. हे बराबर समजून राह्यली ना तू? उद्या मला म्हनशील, मी मारलं तिला."

"तू म्हनू नको, म्हंजी झालं," मुस्कान म्हणाली. मग तिला तिथंच, गॅलरीच्या कठड्याला धरून, रडू फुटलं. "मला ती जायला नको रे. बिलकुल नको. पन असं तडफडत नको."

ती तोंड धुऊन खोलीत आली तेव्हा खोली भरलेली होती. श्वास पुन्हा अडखळला होता, म्हणून सगळे धावून आले होते. मदनलाल पायाशी, सासूबाई आणि कांताबाई दोन्हीकडं, उषाबाई दारात. त्यांना बाहेर जा म्हणण्यासारखी वेळ नव्हती. मुस्कान उशाशी बसली, कापड सोडलं आणि पुस्तक उघडलं. शेवटच्या पानामागे एक कोरं पान होतं. ते तिनं समोर धरलं.

"दादीसा," ती म्हणाली, "एक पान चिकटलं होतं. ते राह्यलंय वाचायचं."

बसंतीबाईंनी मान वळवली.

काय वाचायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, विठूला आणावं. तो येईल, आईला घेऊन माळावर जाईल, सगुणा म्हातारपणी सुखाचा घास खाईल. पण मग त्या दोघांची काळजी कुणी करायची? विठूला बायको मिळाली का, त्याची लेकरं जगली का? या घराण्यात एकही माणूस उरवून चालणार नव्हतं. मुस्काननं त्या लेखकाच्या वळणानं, ठाय लयीत वाचायला सुरुवात केली.

"आषाढात माळावरचा एक माणूस निरोप घेऊन आला. विठू हद्दीवरच पडला होता, त्याला त्याच्या साथीदारांनी नदीच्या वाळूत माती दिली होती. सगुणेनं ऐकून घेतलं, त्या माणसाला भाकर वाढली. तो गेल्यावर ती उंबऱ्यावरून उठली. आता वाटेकडं बघायचं कारण उरलं नव्हतं. तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि आत येऊन आडवी झाली. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी उन्हं घरात आली तेव्हा सगुणा गेलेली होती."

चार पिढ्यांचं घर रिकामं झालं. 

"हे कोनतं सूत्र वं?" कांताबाईनं हळूच उषाबाईला विचारलं.

"गप बस," उषाबाई म्हणाली. दारात बसून तिनंही दोन वर्षं दुपारची सगुणा ऐकली होती. तिनं तोंडाला पदर लावला होता.

बसंतीबाईंच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं; अंगात एवढं पाणी अजून उरलं असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यांचे ओठ हलले. मुस्कान वाकली.

"लई तरास झाला का तिला?"

"न्हाई, दादीसा. झोपेत गेली."

"आन् तिच्यापाशी कोन व्हतं?"

मुस्काननं कोऱ्या पानाकडं बघितलं. गाव लेखकानं उठवून नेलं होतं. लेकरं पटकीनं नेली होती, विठूला तर आत्ताच तिनं स्वतः वाळूत पुरलं होतं. त्या घरात पाठवायला कुणी म्हणून शिल्लक नव्हतं, आणि बसंतीबाई वाट बघत होत्या.

"मी होते," ती म्हणाली.

मदनलालनं मान वर करून सुनेकडं बघितलं.

"तू व्हतीस?"

"हो. डोकं माझ्या मांडीवर होतं तिचं. मी शेवटपर्यंत तिथंच होते."

बसंतीबाई तिच्याकडं बघत राहिल्या. खोटं त्यांना कळलं असेल किंवा नसेल. पण त्यांच्या कपाळावरची, इतके दिवस न गेलेली आठी सैल पडली.

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंस, बाई."

त्यांनी डोळे मिटले. श्वास एक आला. पुढचा बऱ्याच वेळानं आला, पण त्याला आता ओढ नव्हती. मदनलालनं रडत रडतच नवकार मंत्र सुरू केला आणि मागोमाग सगळ्यांनी धरला. मुस्कानच्या ओठांपर्यंत आलं होतं, की खोटं आहे सगळं, जिवंत आहे ती, उंबऱ्यावर बसलीय, थांबा. तिनं दादीसांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिळवला.